ताण न तुटला तर : तणाव-संप्रेरके आणि तीव्र नैराश्याचे जीवशास्त्र

विदर्भातील संत्रा बागायतदारांना 'ताण' हा शब्द नवा नाही. आंबिया किंवा मृग बहार धरायचा असेल तर बागेचे पाणी काही काळ तोडले जाते. हलक्या जमिनीत हा काळ कमी ठेवतात, भारी जमिनीत अधिक. पाने मलूल होतात, काही गळतात, शाखीय वाढ थांबते आणि फांद्यांत अन्नसाठा होऊ लागतो. योग्य वेळी पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलोऱ्यावर येते. मात्र ताण तोडण्यास फार उशीर झाला, तर तीच बाग फुलण्याऐवजी वाळू लागते आणि झाडावर सल वाढते. म्हणूनच बागायतदाराचे कसब ताण देण्यापेक्षा तो कधी तोडावा हे ओळखण्यात असते.

मानवी शरीराच्या बाबतीतही आधुनिक वैद्यकशास्त्र जवळपास याच निष्कर्षाप्रत आले आहे. ताण हा स्वतः रोग नव्हे. तो सजीवाला संकटातून तारून नेणारा प्रतिसाद आहे. संकट टळल्यानंतरही, किंवा संकटच न टळल्यामुळे, तो प्रतिसाद थांबेनासा झाला म्हणजे शरीराची आणि मेंदूची हानी सुरू होते. तीव्र नैराश्य या आजाराचा एक महत्त्वाचा धागा येथे सापडतो. हा आजार आळस, मनाचा दुबळेपणा किंवा दैवाचा कोप नसून त्याला शारीरिक आधार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे शेतकरी कुटुंबांपर्यंत तसेच त्यांच्या संपर्कात असणाऱ्या कृषी कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वनस्पतीचा ताण आणि प्राण्याचा ताण

रायपूर जिल्ह्यातील बरोंडा येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिचा नवा परिसर २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. कीड, रोग, तण यांच्यामुळे पिकावर येणाऱ्या ताणाचा अभ्यास करणारी ही संस्था धानाच्या प्रदेशात असावी, हे उचितच आहे. नवा रायपूरच्या भोवतालची गावे असोत वा पलीकडच्या गोंदिया-गडचिरोलीतील बांध्या, तपकिरी तुडतुडे आणि करपा यांची ओळख येथील प्रत्येक शेतकऱ्याला आहे.

कीड किंवा रोगजंतू चालून आला की वनस्पतीच्या पेशींत जॅस्मोनिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल यांसारखी संप्रेरके वाढतात. त्यांच्या संदेशाने संरक्षक रसायने तयार होतात आणि त्याच वेळी वाढ मंदावते, कारण उपलब्ध ऊर्जा एकच असते. ती वाढीकडे वळवावी की बचावाकडे, हा निवाडा वनस्पतीला सतत करावा लागतो. बचावाची यंत्रणा कायम चालू राहिली तर रोप खुजे राहते आणि उत्पादन घटते.

वनस्पतीला मन नसते, त्यामुळे तिच्या ताणाला नैराश्य म्हणता येणार नाही. साम्य आहे ते केवळ यंत्रणेच्या तर्कात. प्राण्यांमध्येही संकटकाळी ऊर्जा वाढ, पचन, प्रजनन आणि झीज भरून काढणे या कामांवरून काढून घेतली जाते व तात्काळ बचावाकडे वळवली जाते. थोड्या वेळासाठी हा व्यवहार फायद्याचा असतो, दीर्घकाळ चालला तर तोट्याचा.

ताणाचा शास्त्रीय शोध

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भीती व क्रोध यांच्या वेळी शरीरात होणारे बदल मांडले. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात मिसळते, हृदयाची गती वाढते, स्नायूंकडे रक्त धावते आणि प्राणी लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होतो. हा सारा व्यवहार काही सेकंदांचा असतो.

त्यानंतरचे महत्त्वाचे पाऊल हान्स सेल्ये यांनी कॅनडातील माँट्रियल येथे टाकले. ते एका नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचत होते. कोणताही अर्क टोचला तरी परिणाम तेच दिसत. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसे आणि जठरात व्रण पडत. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा कोणत्याही आघाताने हेच घडते, असे त्यांना पुढे आढळले. १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचे छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी प्रतिसादाच्या तीन अवस्था सांगितल्या : प्रथम धोक्याची जाणीव, नंतर प्रतिकार आणि आघात थांबलाच नाही तर अखेर शक्तिपात. शेतकऱ्याने बागेत जे पाहिले होते, तेच सेल्ये यांनी प्रयोगशाळेत पाहिले.

संप्रेरकांची साखळी

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी वजनाने जेमतेम काही ग्रॅम असते. तिच्या बाह्य भागातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. मात्र आज्ञा येते ती मेंदूतून. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग ताणाची खबर मिळताच सीआरएच नावाचे रसायन सोडतो. त्याची ४१ अमिनो आम्लांची रचना अमेरिकेतील सॉल्क संस्थेत वायली व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मेंदूतील अर्कावरून १९८१ साली निश्चित केली. सीआरएचच्या संदेशाने पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोहोचले की कॉर्टिसॉल तयार होते.

कॉर्टिसॉल शत्रू नव्हे. त्याच्यामुळे यकृत रक्तात साखर पुरवते, रक्तदाब टिकतो आणि दाह आटोक्यात राहतो. त्याचे रोजचे वेळापत्रकही ठरलेले आहे. पहाटेपासून ते वाढू लागते, जाग आल्यानंतर सुमारे अर्ध्या तासात सर्वोच्च पातळी गाठते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. सकाळी अंथरुणातून उठून कामाला लागण्याचे बळ देण्यात त्याचा वाटा असतो.

या साखळीतील सर्वांत मोलाची सोय तिच्या शेवटी आहे. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल झाले की तेच हायपोथॅलॅमस व पीयूषिका ग्रंथीला 'आता पुरे' असा उलट संदेश देते. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भागही या कामात सहभागी असतो. टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था आहे. निरोगी शरीरात ताण अशा रीतीने आपोआप तुटतो.

थांबण्याची खूण हरवते तेव्हा

अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली पीयूषिका ग्रंथीतील छोट्या गाठींमुळे होणाऱ्या एका विकाराचे सविस्तर वर्णन केले. या विकारात कॉर्टिसॉल सतत जास्त राहते. चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय बारीक होतात. त्याचबरोबर निम्म्याहून अधिक रुग्णांत नैराश्य आढळते आणि कॉर्टिसॉल आटोक्यात आणल्यावर ते बहुधा ओसरते. संप्रेरकाच्या अतिरेकाने मनःस्थिती ढासळू शकते, याचा हा सरळ पुरावा होता. मग उलट बाजूने प्रश्न पुढे आला : ज्यांना अशी गाठ नाही, पण तीव्र नैराश्य आहे, त्यांच्या शरीरात काय घडते?

याचे उत्तर शोधण्यासाठी वापरले गेलेले औषध आपल्या पशुवैद्यकांच्या परिचयाचे आहे. डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड कॉर्टिसॉलसारखेच असून अधिक प्रभावी आहे. रात्री ११ वाजता त्याची १ मिलिग्रॅम मात्रा दिली, तर निरोगी माणसाचा मेंदू 'कॉर्टिसॉल भरपूर आहे' असे समजून स्वतःचे उत्पादन थांबवतो आणि दुसऱ्या दिवशी रक्तातील कॉर्टिसॉल खाली आलेले दिसते. बर्नार्ड कॅरॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोल, सर्वांगाला व्यापणाऱ्या नैराश्याच्या अनेक रुग्णांत कॉर्टिसॉल खाली येतच नाही, असे त्यांना दिसले. टाकी भरली होती, गोळाही वर आला होता, पण नळ बंद होत नव्हता.

पुढील काळातील अभ्यासांत हा दोष जवळपास निम्म्या तीव्र रुग्णांत आढळत आला. मद्यपान, वजनातील मोठी घट, स्मृतिभ्रंश अशा अन्य कारणांनीही चाचणीचा निष्कर्ष तसाच येतो, असेही लक्षात आले. त्यामुळे नैराश्याचे निदान रक्ताच्या या चाचणीवर करता येत नाही. ते आजही रुग्णाशी बोलूनच करावे लागते. तरीही या चाचणीने एक गोष्ट कायमची सिद्ध केली : तीव्र नैराश्यात शरीराची ताण थांबवणारी व्यवस्था पुष्कळदा बिघडलेली असते. पहाटे दोन-तीन तास आधीच जाग येणे, सकाळी मन सर्वाधिक जड असणे आणि संध्याकाळकडे थोडे हलके वाटणे ही लक्षणे शरीराच्या दैनंदिन लयीतील बिघाडाकडेच बोट दाखवतात.

मेंदूतील फांद्यांची छाटणी

चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि या फांद्यांवर इतर पेशींचे संदेश येतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅकएवन यांच्या गटाने १९९२ साली दाखवले की उंदरांना रोज ६ तास याप्रमाणे २१ दिवस जखडून ठेवल्यास हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखूड व विरळ होतात. हिप्पोकॅम्पस स्मरणासाठी आवश्यक असतो आणि वर पाहिल्याप्रमाणे ताण थांबवण्यासही मदत करतो. म्हणजे दीर्घ ताणाने जो भाग झिजतो, तोच भाग ताणाला लगाम घालणारा असतो. येथे दुष्टचक्र सुरू होते.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सुमंत्र चॅटर्जी व सहकाऱ्यांनी २००२ साली या चित्राची दुसरी बाजू उजेडात आणली. त्याच प्रकारच्या ताणाने भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डालातील पेशींच्या फांद्या मात्र वाढतात, असे त्यांना आढळले. एका बाजूला आठवण व विवेक यांना आधार देणारी फांदी खुरटते आणि दुसऱ्या बाजूला भीतीची फांदी फोफावते. पुढील प्रयोगांत ताण थांबल्यावर हिप्पोकॅम्पसच्या फांद्या पुन्हा वाढल्या, पण अमिग्डालातील वाढ टिकून राहिली. संकट सरल्यानंतरही धास्ती का उरते, याचा एक धागा येथे मिळतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांचे कार्यही याच विषयाशी निगडित आहे. बालवयातील ताणाचे परिणाम प्रौढपणी चिंता व नैराश्याच्या रूपात का उमटतात, तसेच सेरोटोनिन हे रसायन चेतापेशींच्या ऊर्जेवर कसा परिणाम करते, यावरील संशोधनासाठी त्यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. रोपवाटिकेत बसलेला धक्का लावणीनंतरही पिकात दिसतो, हे जाणणाऱ्या वाचकांना या संशोधनाचा अर्थ लगेच कळेल.

या निष्कर्षांतील आश्वासक भाग विसरता कामा नये. खुरटलेली फांदी पुन्हा वाढू शकते. मेंदू ही घडून गेलेली, न बदलणारी वस्तू नाही.

ही एकाच संप्रेरकाची कथा नाही

नैराश्याच्या जीवशास्त्रातील पहिला मोठा धागा कॉर्टिसॉलचा नव्हता. तो एका वनौषधीतून आला. मध्य भारताच्या सालवनांत आढळणारी सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतके वापरात आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ साली तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत औदासीन्य आल्याची निरीक्षणे पुढे आली आणि हे औषध मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांसारख्या रसायनांचे साठे रिकामे करते, असेही दिसले. क्षयरोगावरील एका औषधाने रुग्णांची मनःस्थिती उंचावते, हे त्याच दशकात लक्षात आले. या निरीक्षणांतून नैराश्यावरील आधुनिक औषधांची वाट खुली झाली.

आज चित्र अधिक व्यापक आहे. सेरोटोनिनसारखी रसायने, कॉर्टिसॉलची साखळी, शरीरातील दाह, आनुवंशिकता आणि आयुष्यातील घटना हे सारे घटक एकमेकांत गुंतलेले आहेत. पूर्वी यकृतदाहावर दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉन या औषधाने अनेक रुग्णांत नैराश्य येत असे. त्यावरून दाहाचा संबंध स्पष्ट झाला. सर्व रुग्णांत कॉर्टिसॉल जास्त असतेच असेही नाही. काहींमध्ये ते सर्वसाधारण, तर काहींमध्ये कमीही आढळते. सीआरएच किंवा कॉर्टिसॉल यांचा मार्ग थेट अडवून नैराश्य बरे करण्याचे प्रयत्न झाले, पण मोठ्या चाचण्यांत त्यांना अपेक्षित यश आले नाही. एकच कीटकनाशक सर्व किडींवर चालत नाही, तसाच हा प्रकार आहे. प्रचलित औषधे आणि समुपदेशन यांचा उपयोग मात्र सिद्ध झालेला आहे.

शेती आणि ताणाचे वेळापत्रक

शेतीतील ताणाला हंगाम असतो. पेरणीपूर्वी पैशाची जुळवाजुळव, पावसाची ओढ, कीड, काढणीच्या वेळचा अवकाळी पाऊस, बाजारभाव आणि नंतर कर्जफेड, असे हे चक्र आहे. संकटाचा शेवट कधी होणार हे ठाऊक असेल तर शरीर ते सोसते. शेवट दिसत नसेल आणि परिस्थितीवर आपला काहीच ताबा नाही असे वाटत असेल, तर ताणाची साखळी चालूच राहते. शेतीत या दोन्ही गोष्टी वारंवार एकत्र येतात.

याचे प्रत्यक्ष मोजमापही झाले आहे. केनियातील गरीब शेतकऱ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले असता पाऊस कमी पडलेल्या काळात ते वाढलेले आढळले. ज्यांचे उत्पन्न पूर्णपणे शेतीवर अवलंबून होते, त्यांच्यातच हा परिणाम प्रामुख्याने दिसला. तमिळनाडूतील ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादकांच्या अभ्यासात हाच शेतकरी तोडणीपूर्वीच्या आर्थिक ओढाताणीत विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडतो आणि तोडणीनंतर हाती पैसा आल्यावर अधिक चांगली कामगिरी करतो, असे दिसले. हा अभ्यास २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पेरणी, कर्ज, विमा यांबाबतचे महत्त्वाचे निर्णय शेतकऱ्याला नेमके याच ओढाताणीच्या काळात घ्यावे लागतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात शेती क्षेत्रातील ११,२९० व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर होते. एकट्या महाराष्ट्रातील संख्या ४,२४८ होती. मजुरांचा आकडा शेतकऱ्यांपेक्षा मोठा आहे, ही बाब चर्चेत बहुधा मागे पडते. अशा प्रत्येक मृत्यूमागे एकच कारण शोधणे योग्य नव्हे. कर्ज, नापिकी, आजारपण, व्यसन, कौटुंबिक कलह आणि उपचाराविना राहिलेले नैराश्य हे घटक एकत्र येतात. भाव, पाणी आणि पतपुरवठा यांचे प्रश्न गोळीने सुटणार नाहीत, हे खरे आहे. पण नैराश्यावर उपचार झाले तर ते प्रश्न सोडवण्यासाठी माणूस उभा राहू शकतो, हेही तितकेच खरे आहे.

अमरावती आणि गोवा : दोन अनुभव

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडसह १२ राज्यांचा समावेश होता. आयुष्यात केव्हातरी नैराश्य येऊन गेलेल्या प्रौढांचे प्रमाण त्यात २० मध्ये सुमारे एक असे आढळले. त्यांपैकी बहुसंख्य लोक उपचारापर्यंत पोहोचलेलेच नव्हते. ग्रामीण भागात मनोविकारतज्ज्ञ मोजके असताना ही दरी कशी भरावी? याचे एक उत्तर विदर्भातूनच मिळाले.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवण्यात आला. विदर्भातील ताण व आरोग्य यांविषयीच्या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून हा शब्द तयार झाला आहे. गावातील आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी व बैठकांतून या आजाराची माहिती दिली, प्रशिक्षित समुपदेशकांनी रुग्णांशी संवाद साधला आणि गंभीर रुग्णांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त मांडले. १८ महिन्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर उतरले.

गोव्यातील 'संगथ' या संस्थेचा अनुभव तीव्र नैराश्यासंबंधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेली ही चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला एकेक छोटी, अर्थपूर्ण कृती पुन्हा सुरू करण्यास मदत करत. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, तर केवळ सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. मन उत्साही झाल्यावर काम करू, असे न म्हणता काम थोडेसे सुरू करून मनाला वर आणायचे, हे या पद्धतीचे सार आहे.

महाराष्ट्र शासनानेही २०१५ पासून शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्पाद्वारे आशा कार्यकर्त्या व जिल्हा रुग्णालये यांची सांगड घातली. या सर्वांतून एक धडा मिळतो : नैराश्याची पहिली ओळख गावातच, ओळखीच्या माणसाकडून होऊ शकते.

ओळखावे कसे?

पुढील लक्षणे दिवसाचा बहुतेक वेळ, जवळपास रोज आणि किमान दोन आठवडे टिकून असतील, तर ती नेहमीची उदासी समजू नये.

१. सतत खिन्नता, किंवा पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत रस न वाटणे.
२. पहाटे फार लवकर जाग येणे, झोप न लागणे किंवा अतिझोप.
३. भूक व वजन यांत ठळक बदल.
४. हालचाल व बोलणे मंदावणे, किंवा जिवाची सततची तगमग.
५. थोड्या कामानेही गळून जाणे आणि निर्णय घेता न येणे.
६. आपण निरुपयोगी आहोत, घराला भार आहोत, असे वाटणे.
७. मरणाचे किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येणे.

ग्रामीण भागात रुग्ण 'मन उदास आहे' असे क्वचितच म्हणतो. अंग दुखते, डोके जड आहे, छातीत धडधडते, जीव लागत नाही, अशा तक्रारी तो सांगतो. शेताकडे फिरकेनासा झालेला, बैलांची देखभाल सोडलेला, गटाच्या बैठकीला येणे थांबवलेला शेतकरी दिसला, तर कृषी सहायकाने त्याची नोंद घ्यावी. स्त्रियांच्या बाबतीत घरकाम चालूच राहते, त्यामुळे त्यांचा आजार अधिक काळ दडून राहतो.

विस्तार कार्यकर्ते आणि कुटुंबीयांसाठी सूचना

बोलते करावे. "किती दिवसांपासून असे वाटते आहे?" असे शांतपणे विचारावे. जगणे नकोसे वाटते का, असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनात साचलेले बोलण्यास वाव मिळतो. उपदेश, तुलना आणि दोषारोप टाळावेत.

वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता यांमुळेही अशी लक्षणे दिसू शकतात. सांधेदुखी किंवा दम्यासाठी सल्ल्याविना घेतलेल्या स्टेरॉइड गोळ्या मनःस्थिती बिघडवू शकतात. ही औषधे कॉर्टिसॉलच्या जागी काम करत असल्याने दीर्घकाळ घेतल्यानंतर ती अचानक बंद करणेही धोक्याचे असते. याबाबतचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

उपचारांत धीर धरावा. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात. बरे वाटू लागताच गोळ्या बंद करू नयेत. दारूने क्षणभर बधिरता येते, पण झोप आणि मनःस्थिती दोन्ही अधिक बिघडतात.

कीटकनाशके कुलूपबंद ठेवावीत. निराशेचा तीव्र झटका बहुधा अल्पकाळाचा असतो. त्या वेळी धोकादायक वस्तू हाताशी नसली, तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढील दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. साठवण घराबाहेर, कुलपात आणि जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी. आवश्यक तेवढीच खरेदी करावी. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा हाही एक लाभ मानावा.

आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे ही शासनाची जबाबदारी ठरते. तेव्हा पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

मदत कोठे मिळेल? १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेली-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठी व हिंदीतही बोलता येते. छत्तीसगडमधील वाचकांसाठी रायपूरच्या टाटीबंध येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा मनोविकार विभाग व बिलासपूरजवळील सेंदरी येथील राज्य मानसिक रुग्णालय आहे. महाराष्ट्रात नागपूर, पुणे, ठाणे व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती आपल्या जिल्हा रुग्णालयात मिळते.

समारोप

पिकावर रोग पडला तर आपण त्याला पिकाचा आळस म्हणत नाही. लक्षणे पाहतो, नमुना तज्ज्ञाला दाखवतो, वेळेवर उपाय करतो. पिकाच्या प्रश्नासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक अनेकांना तोंडपाठ असतो. त्याच्या शेजारी १४४१६ हा क्रमांकही ग्रामपंचायत, कृषी सेवा केंद्र, धान खरेदी केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्राच्या फलकावर लिहिला जावा. प्रत्येक कृषी मेळाव्यात माती परीक्षणाच्या टेबलाशेजारी मनाच्या आरोग्याविषयी बोलणारी एक व्यक्ती बसवणे अवघड नाही.

पाऊस, भाव आणि कीड यांचा ताण शेतकऱ्याच्या वाट्याला येतच राहील. तो योग्य वेळी तोडण्यासाठी बाहेरून पाणी द्यावे लागते. कधी ते औषधाच्या रूपात, कधी समुपदेशनाच्या, कधी कर्जाच्या पुनर्रचनेच्या आणि पुष्कळदा शेजारच्या माणसाने वेळेवर केलेल्या विचारपुशीच्या रूपात असते.